बोरीचा खोका

कुवेतला नोकरीवर रुजू झालो त्या पहिल्याच सकाळी चाचांनी मला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं, मग बाजूला जाऊन निरखलं आणि शांतपणे म्हणाले, "साडेपाच फूट. रुंदीला दीड. उभा पॅक होशील, आडवा नाय."

मी सिन्नरहून आलो होतो. विमानात डोळ्याला डोळा लागला नव्हता. ज्या कंपनीत पाऊल टाकल्या टाकल्या आपल्या पॅकिंगचा विचार होतो तिथं आपलं कसं व्हायचं, अशी काळजी मला लागली. दोन दिवसांनी कळलं, ते सगळ्यांशीच असं बोलतात. आमचा मॅनेजर तिरका पॅक होणार होता. कॅन्टीनवाल्याला दोन खोकी लागणार होती.

आमची कंपनी सामान बांधून परदेशी पाठवायची. घरचं फर्निचर, दवाखान्यातली यंत्रं, एकदा तर पितळेचा उंट. मी ऑफिसात बसून कागद करायचो आणि चाचा मागच्या शेडमध्ये लाकडाची खोकी करायचे. रायगड किनाऱ्यावरचे, म्हसळ्याकडचे. आयुष्याची तीस वर्षं त्या शेडमध्ये गेलेली. त्यांचं खरं नाव पासपोर्टपुरतं होतं. मॅनेजरसुद्धा ईमेलची सुरुवात 'डिअर चाचा' अशीच करायचा.

अंगानं फळीसारखेच, सपाट आणि कोरडे. कानावर कायम सुताराची चपटी पेन्सिल. शुक्रवारी नमाजाला जातानाही ती कानावरच असायची, आणि मशिदीतून परतताना कधी कधी तिच्या जागी दुसऱ्याच कुणाचं तरी पेन असायचं. जगातल्या सगळ्या गोष्टींचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार होते. 'मापात हाय' आणि 'मापात नाय'. बिर्याणी, पुतणीचं स्थळ, मॅनेजरचं भाषण, डॉक्टरनं लिहून दिलेल्या गोळ्या, सगळ्यांचा निकाल असाच लागे. मी एकदा मोबाइलवर त्यांना माझ्या बायकोचा फोटो दाखवला. त्यांनी फोन लांब धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "मापात हाय." मी कौतुकानं हे बायकोला कळवलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

अब्बासियात आम्ही एकाच इमारतीत राहायचो. मी पहिल्या मजल्यावर, ते तिसऱ्यावर, एका खोलीत चौघं. त्या खोलीत प्रत्येक वस्तूला खोका होता. चहाच्या ग्लासाला होता, मिठाच्या डबीला होता, चाचांच्या दातांच्या कवळीला होता. कवळीच्या खोक्यावर लाल रंगात 'फ्रॅजाइल' लिहिलेलं आणि वरच्या बाजूला दोन बाण. टीव्हीच्या रिमोटच्या खोक्याला चार स्क्रू होते. त्यामुळे त्या खोलीत चॅनेल बदलण्यावरून कधी भांडण झालं नाही. चॅनेलच कधी बदललं नाही.

मॅनेजरच्या वाढदिवसाचा केक एकदा फहाहीलहून आणायचा होता. एवढ्या लांबून क्रीम हलू नये म्हणून चाचांनी आदल्या दिवशी खोका केला. केक सुखरूप आला. केसभरही हलला नव्हता. फक्त खोका उघडेना. ऑफिसात हातोडा नव्हता. शेडमधून आणवून तो उघडेपर्यंत पाऊण तास गेला, 'हॅपी बर्थडे' तीनदा अर्ध्यावर सोडून द्यावं लागलं, आणि केकवर पडलेला लाकडाचा भुसा आम्ही खोबरं समजून खाल्ला. मॅनेजरनं दुसऱ्यांदा मागून घेतला.

बोर आली ती माझ्यामुळे. दस्मानला एका जुन्या घरातलं सामान हलवायचं काम होतं. घर पाडणार होते. सामानाची यादी मी केली होती आणि सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, 'अंगणातलं झाड, सोडून देणे.' झाड म्हणजे भिंतीलगतची बोर. इथले लोक तिला सिद्र म्हणतात. कुणीतरी ती गुडघ्याइतकी ठेवून वरून कापून टाकली होती. मनगटाएवढा जाड खुंट, पान एक नाही.

सगळं सामान ट्रकमध्ये चढलं. चाचा यादी हातात घेऊन अंगणात उभे.

"हे ऱ्हायलं."

"ते सोडून द्यायचंय, चाचा. तसं लिहिलंय ना."

"यादीत हाय की नाय?"

"यादीत आहे, पण..."

"यादीत हाय तर खोका पायजे."

त्यांनी खुंट मुळांसकट खणून काढला. उरलेल्या फळ्यांचा तिथल्या तिथं खोका केला, तळाला जाळी मारली, अंगणातलीच माती भरली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. बोर कंपनीच्या बसमधून अब्बासियाला आली, चाचांच्या शेजारच्या सीटवर. चाचांनी तिला पट्टा लावला होता.

आमच्या इमारतीचा राखणदार, म्हणजे इथल्या भाषेत हारिस, एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, म्हातारा होता. गच्चीवर त्यानं खोक्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "शजर वेन?" झाड कुठाय? चाचांनी खुंटाकडे बोट दाखवलं. हारिसनं माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या टाकीकडे पाहिलं.

महिन्याभरात खुंटाला बारीक हिरवे डोळे फुटले. चाचांनी शेडमध्ये सगळ्यांना चहा पाजला. मग गच्चीवर खोकी वाढत गेली. किराणावाल्याकडच्या चिंचेच्या गोळ्यातून निघालेल्या चिंचोक्याची चिंच, कुणीतरी टाकून दिलेलं डाळिंब, एक लिंबू. चार वर्षांत अकरा खोकी झाली. प्रत्येक झाड दोन-तीन फुटांच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण वर डिशच्या तारा होत्या. चाचा शेंडे खुडत राहायचे आणि खोडं मात्र जाड होत जायची. बोरीचं खोड त्यांच्या पोटरीएवढं झालं. ते दर महिन्याला दोन्ही मोजायचे आणि बोरीचं वाढलं की खूश व्हायचे.

उन्हाळ्यात गच्चीवर पाय ठेववत नसे. चाचांनी सगळ्या खोक्यांना चाकं लावली. शुक्रवारी सकाळपासून ते पाण्याच्या टाकीच्या सावलीमागे खोकी ढकलत फिरायचे. सावली सरकली की अकरा खोकी सरकायची. वरच्या मजल्यावरच्या बायकांना वाटायचं, गच्चीवर लग्नाच्या पंगती उठतायत. भर दुपारी सावली इतकी आखडायची की बोरीचा खोका तेवढा बाहेर राहायचा. मग चाचा छत्री धरून उभे. छत्री बोरीवर, चाचा उन्हात.

या सगळ्याला बॉन्साय म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. दस्मानजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये बॉन्सायचं प्रदर्शन आहे अशी जाहिरात पाहिली, चित्रातली झाडं ओळखीची वाटली, म्हणून मी चाचांना घेऊन गेलो. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशात टेप होती, हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

हॉलमध्ये पांढऱ्या चादरींच्या टेबलांवर झाडं मांडलेली. लोक कुजबुजत बोलत होते. चाचा पहिल्याच झाडाशी थांबले. वीतभर उंचीचं ज्युनिपर, पुढ्यात चिठ्ठी. मी वाचून दाखवलं, "वय साठ वर्षं."

"साठ? अरे, मी एकसष्टचा हाय. मी येवढा हाय का?"

आवाज हॉलभर गेला. मी त्यांना पुढे ओढलं. पुढचं झाड एका उथळ, निळ्या, चिनी मातीच्या भांड्यात होतं.

"ताटलीत का ठेवलंय? जेवायला वाढायचंय?"

"चाचा, हळू."

"पोटभर माती नाय बिचाऱ्याला. कोणाचं हाय हे?"

आणि मी अडवायच्या आत त्यांनी टेप काढून खोडाला गुंडाळली. गार्ड धावला. त्याच्या मागून पांढऱ्या पायघोळ दिशदाशातले, काठी टेकत चालणारे एक वयस्कर कुवेती गृहस्थ आले. झाड त्यांचंच होतं. मी अरबीतली माफी जुळवत होतो, तोवर त्यांनी गार्डला हातानं मागे सारलं आणि चक्क जुन्या मुंबईच्या हिंदीत विचारलं, "नाप क्या आया, भाई?"

"सव्वा दो इंच," चाचा म्हणाले. "और तुम्हारी ताटली एक सूत तिरछी है."

गृहस्थांनी चष्मा लावला. वाकून भांड्याच्या कडेकडे बराच वेळ पाहिलं. "सकाळपासून शंभर लोक वा वा करून गेले," ते मला म्हणाले, "हे कुणाला दिसलं नाही."

त्यांचे आजोबा मोती विकायला मुंबईला जात, वडील तिथंच शिकलेले. घरात हिंदी बोलली जायची. चाचांनी त्यांना तिथंच 'शेठ' करून टाकलं. शेठनी समजावून सांगितलं, की झाड एकदम भांड्यात येत नाही. आधी वर्षानुवर्षं लाकडाच्या खोक्यात वाढवायचं, खोड भरू द्यायचं, मुळं पसरू द्यायची. ताटली सगळ्यात शेवटी.

चाचा सावकाश माझ्याकडे वळले. चार वर्षांचा विजय त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"ऐकलंस? खोका आधी! आनि तुमी सगले मना येडा म्हनत होतात."

शेठच्या घरामागच्या अंगणात अशी तीसेक झाडं होती, पण फळांच्या पेट्यांमध्ये. उन्हानं फळ्या फाकलेल्या, खिळे बाहेर आलेले. चाचांनी ते पाहिलं आणि त्यांचं जेवण गेलं. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारनंतर शेठची भली मोठी पांढरी गाडी अब्बासियाच्या गल्लीत यायची आणि चाचा पेन्सिल कानावर ठेवून मागच्या सीटवर बसायचे. आमचा हारिस त्यांना सलाम करायला लागला. गच्चीवरच्या आवाजाच्या तक्रारी एका आठवड्यात बंद झाल्या.

शेठ आणि चाचांचं पटायचं म्हणजे भांडायचं. शेठना फांद्यांना तार गुंडाळून वळण द्यायचं असे. चाचा त्याला हातकडी म्हणायचे. शेठ म्हणत मुळं छाटली पाहिजेत. चाचा म्हणत तुमची बोटं छाटू का. शेठच्या मुलानं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "माझ्या वडिलांशी असं कुणीच बोलत नाही. तो माणूस रागावलाय का?" मी म्हटलं, "नाही, खूश आहे. रागावला की तो मापं घेतो."

मग कंपनीनं सुतारकाम बंद केलं. तयार प्लास्टिकची खोकी बाहेरून येऊ लागली. चाचांना सांगण्यात आलं, दोन महिन्यांत व्हिसा संपेल, तेव्हा परत जा. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी एकच विचारलं, "बोर कशी न्यायची?"

दहा झाडं शेठकडे ठेवायला चाचा तयार होते. बोर मात्र म्हसळ्याला जाणार. त्यांनी शेडमधल्या शेवटच्या चांगल्या फळ्या निवडल्या आणि खोका सुरू केला. मी कागद सुरू केले. माझं काम लवकर आटोपलं. मातीसकट झाड इकडून सोडत नाहीत, तिकडे घेत नाहीत. माती धुऊन काढली तरी परवानग्यांना जितके महिने लागणार होते तितके चाचांपाशी नव्हते. हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. मी सांगितलं तीन आठवड्यांनी.

मला सांगायचं धैर्य होईना, कारण शेडमध्ये तो खोका रोज वाढत होता. दुहेरी फळ्या, हवेला आणि पाण्याला जाळीच्या खिडक्या, दोराच्या मुठी. बोर आत उभी होती आणि तिच्या जुन्या खोक्याच्या फळ्याच त्यांनी नव्याच्या आत सांधल्या होत्या. सगळं खिळ्यांनी आणि सरसानं पक्कं. "वाटेत कोनी उघडता कामा नये. गावी जाऊन एकदाच फोडायचा." मी गेलो तेव्हा ते ब्रशनं खोक्यावर गावचा पत्ता लिहीत होते.

मी सांगितलं. ते जिल्ह्याच्या नावातला 'ग' पूर्ण करून थांबले. ब्रश नीट धुतला, त्याच्या खोक्यात ठेवला. मग बोरीच्या खोक्यावर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुना आधीच कलला होता ना?"

मी हो म्हटलं. ते उठले, ब्रश पुन्हा काढला आणि राहिलेला 'ड' लिहून टाकला.

वाट शेठनी काढली. पंधरा दिवसांवर यंदाचं प्रदर्शन होतं आणि त्यात वाढत्या झाडांचा, लाकडी खोक्यांतल्या झाडांचा वेगळा विभाग होता. बोर तिथं मांडायची, लोकांना पाहू द्यायची, मग ती शेठकडे राहील. चाचांनी मान हलवली. अट एकच. बोर याच खोक्यातून जाईल, आहे तशी. आत पोचल्यावर वरच्या फळ्या तेवढ्या निघतील.

प्रदर्शनाच्या सकाळी आम्ही कंपनीच्या पिकअपमधून खोका नेला. सहा जणांनी उचलून हॉलपर्यंत आणला. आणि तिथं तो दारात अडकला.

चाचांनी टेप लावली. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. खोका दारापेक्षा दोन इंच तीन सूत रुंद होता.

या माणसानं विमानाच्या सामानाच्या दाराचं माप मिळवलं होतं. म्हसळ्यातल्या टेम्पोचं माप पुतण्याकडून मागवलं होतं. गावच्या घराचं फाटक, पायवाट, विहिरीजवळचं वळण, सगळं त्यांच्या वहीत होतं. अर्ध्या तासावरच्या या दाराचं माप घ्यायचं राहून गेलं होतं.

"दार मापात नाय," चाचा म्हणाले आणि खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

गार्ड येईपर्यंत वरचं बिजागर निघालं होतं. हॉटेलचा मॅनेजर येईपर्यंत दुसरं. मॅनेजर इंग्रजीत ओरडत होता, गार्ड हिंदीत, शेठ अरबीत. चाचा कोणत्याच भाषेत काही न बोलता तिसऱ्या बिजागराचा पहिला स्क्रू सोडवत होते. दार पूर्ण काढलं तरी अर्धा इंच कमीच पडणार होतं, हे मी मोजून सांगितलं. कागद करणाऱ्या माणसानं माप सांगावं याचाच त्यांना जास्त धक्का बसला असावा. ते थांबले.

परीक्षक बाई आत पोचल्या होत्या. वीस मिनिटं उरली होती.

शेठ जवळ आले. त्यांचा आवाज एकदम हळू होता. "खोका तोड दो, भाई."

"मी खोका करतंय, शेठ. फोडत नाय." ते मराठीतच बोलले. शेठना कळलं.

मी कबूल करतो, तोवर मला हसू येत होतं. दारात अडकलेला खोका, लोंबकळणारं दार, तीन भाषांतला आरडाओरडा. पण चाचा वाकले, जाळीच्या खिडकीतून आत पाहिलं, आणि त्यांची पेन्सिल कानावरून पडली ती त्यांनी उचलली नाही. तीस वर्षांत केलेली सगळी खोकी त्यांनी बंद करून पाठवून दिली होती. एकही आपल्या हातानं फोडलेली नव्हती.

"हातोडी," ते म्हणाले.

बिस्मिल्ला म्हणून त्यांनी पहिली फळी उपसली. ती किंचाळली. प्रदर्शनातले लोक दारात जमले. दुसरी फळी, तिसरी. प्रत्येक फळी ते भिंतीशी नीट उभी करून ठेवत होते. शेवटची बाजू पडली आणि आम्ही सगळे दचकून मागे सरलो, कारण आता माती ढासळणार, झाड कोसळणार.

काहीच ढासळलं नाही. पाच वर्षं मुळं खोक्याच्या भिंतींना लागून फिरली होती, मातीला गच्च विणून बसली होती. बोर आपल्या मातीच्या चौकोनी ठोकळ्यावर ताठ उभी. कडा सरळ, कोपरे जागच्या जागी. खोका गेला आणि खोक्याचा आकार राहिला.

चाचांनी खिशातून गुण्या काढला आणि एका कोपऱ्याला लावला. मग दुसऱ्या. चारही कोपरे काटकोनात होते. त्यांनी वर पाहिलं तेव्हा त्यांच्या गालावर भुसा चिकटला होता, आणि तो ओला होता.

आता उचलायचं कशात? शेठनी हॉटेलच्या मुदपाकखान्यातून लग्नाच्या मेजवानीची परात मागवली, जिच्यात भाताच्या डोंगरावर अख्खं कोकरू ठेवतात. बोर तिच्यात बसवली. चार वेटरांनी परात खांद्याला लावली आणि सवयीप्रमाणे ऐटीत, पावलाला पाऊल मिळवत निघाले. लॉबीतल्या दहाबारा पाहुण्यांना जेवण लागलं असं वाटलं आणि ते मागोमाग हॉलमध्ये आले. त्यातले दोघं हात धुऊन आले होते.

परदेशातून आलेल्या परीक्षक बाईंनी बोरीभोवती तीन फेऱ्या मारल्या. खोडाला हात लावला, मुळांवरून बोट फिरवलं, कागदावर बरंच लिहिलं. बक्षीस मिळालं नाही. विभाग लाकडी खोक्यातल्या झाडांचा होता आणि परात लाकडी नव्हती. निकाल जाहीर होत असताना चाचा बाहेर दार बसवत होते. तिन्ही बिजागरं घट्ट केल्यावर त्यांनी हॉटेलच्या मॅनेजरला सांगितलं, की हे दार आधीपासून घासत होतं, आता घासणार नाही. मॅनेजरनं दार उघडून पाहिलं, बंद करून पाहिलं, आणि आम्हाला कॉफी पाठवली.

संध्याकाळी शेठच्या अंगणात बोर उतरवली. शेठनी आधीच एक सुंदर तपकिरी भांडं काढून ठेवलं होतं, खास या झाडासाठी घेतलेलं. चाचांनी ते पाहिलं, मग भिंतीजवळच्या मोकळ्या मातीकडे पाहिलं.

"जमीन में लगाओ."

"जमीन में?" शेठना खरंच वाईट वाटलं. "पाँच साल की मेहनत है. ऐसे तो ये सिर्फ पेड़ हो जाएगा."

"होने दो," चाचा म्हणाले.

दोघांनी मिळून खड्डा खणला. शेठनी भांड्याबाहेरच्या मातीला हात लावलेला त्यांच्या मुलानं प्रथमच पाहिला. सात दिवसांनी चाचा गावी निघाले. विमानतळावर त्यांनी मला मिठी मारली आणि मागे होऊन सवयीनं वरपासून खालपर्यंत निरखलं, आणि ट्रॉली ढकलत आत गेले.

दोन वर्षांनी मी शेठकडे गेलो. त्यांनी खास बोलावलं होतं, कारण बोर भिंतीच्या वर गेली होती आणि शेजाऱ्याच्या नव्या गाडीवर बोरं टाकत होती. शेजारी रोज तक्रार करायचा आणि रोज मूठभर घेऊन जायचा. आम्ही अंगणात चहा घेत होतो तेवढ्यात शेठच्या फोनवर म्हसळ्याहून व्हिडिओ कॉल आला. चाचांनी सलाम केला आणि फोन झाडाकडे फिरवायला सांगितला.

"पानी दिया आज?"

"दिया," शेठ म्हणाले.

"झूठ मत बोलो, शेठ. पत्ता लटका हुआ है."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. फोन माझ्या हातात दिला, काठी खुर्चीला टेकवली, दिशदाशा एका हातानं वर धरला आणि नळाकडे गेले. पाइप सोडून ते बोरीशी वाकले तेव्हा माझ्या हातातला फोन ओरडत होता, "ऊपर नहीं, जड में! जड में!"